नाव जुने, विष नवे

दोन भाषांच्या शिवेवर राहणाऱ्या माणसाला एक सवय आपोआप लागते. शब्द कानावर पडला की तो कोणत्या भाषेतला हे आधी पाहायचे आणि मग त्याचा अर्थ लावायचा. आम्हा ग्वाल्हेरच्या मराठी मंडळींना ही सवय लहानपणीच जडते. घरात 'शिक्षा' म्हणजे छडी, शाळेत 'शिक्षा' म्हणजे विद्या. घरात 'राजीनामा' दिला म्हणजे नोकरी सुटली, कचेरीत 'राजीनामा' झाला म्हणजे दोन्ही पक्षांची तडजोड झाली. 'चेष्टा' आमच्याकडे थट्टा होती. हिंदीच्या मास्तरांच्या तोंडी तोच शब्द प्रयत्नाचा अर्थ घेऊन येई. आणि 'भांग' या शब्दाची तर गंमतच होती. आळीतली एखादी मराठी आई सकाळी मुलीला "भांग नीट पाड गं" म्हणून ओरडली की शेजारची नवी आलेली हिंदी सून चपापून पाही. तिच्या भाषेत केसांत असते ती 'मांग'. 'भांग' असते ती शिवरात्रीच्या लोट्यात.

सीमाभागातील वाचकांना या गमती नव्याने सांगायला नकोत. मराठीच्या जोडीला कानडी, तेलुगू, गुजराती वा हिंदी ज्यांच्या अंगणात आहे, त्या प्रत्येक घरात असे शब्द असतात. एक नाव आणि दोन वस्तू, हा धोका आपण भाषेत ओळखतो. व्यवहारात मात्र पुष्कळदा विसरतो. असाच एक विसर आज आपल्या तरुण मुलांच्या जिवावर बेतू लागला आहे. त्याची हकिगत इतिहासातून सांगावी, एवढाच या लेखाचा हेतू.

प्रथम स्थळाविषयी दोन शब्द. १८१० मध्ये दौलतराव शिंदे यांनी ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या दक्षिणेला छावणी टाकली. ती छावणी पुन्हा उठली नाही. तिचेच शहर झाले आणि 'लष्कर' हे नाव त्या शहराला कायमचे चिकटले. छावणीबरोबर देशावरून आणि कोकणातून आलेले शिलेदार, कारकून, भिक्षुक, वैद्य, गवई इथेच रुजले. या लष्करातली खासगी बाजार ही एक वस्ती. 'खासगी' म्हणजे राजघराण्याचे स्वतःचे खाते, दौलतीच्या खात्याहून निराळे. मराठी माणसाला या नावात अर्थ दिसतो. हिंदी माणसाला ते निव्वळ नाव. शिंद्यांच्या फिरत्या छावणीत १८०९ साली ब्रिटिश रेसिडेंटाच्या पथकाबरोबर थॉमस ब्रॉटन नावाचा एक लष्करी अधिकारी होता. त्याने तिथून लिहिलेली पत्रे १८१३ मध्ये लंडनला पुस्तकरूपाने निघाली. दौलतरावांच्या दरबारातील होळीचे, रंगाने न्हालेल्या सरदारांचे त्यातले वर्णन वाचले की, मराठे उत्तरेत आले ते केवळ राज्य करायला आले नाहीत, इथल्या सणांतही ते मिसळून गेले, हे ध्यानी येते. होळी आणि महाशिवरात्र या सणांबरोबर उत्तरेकडची भांगही मराठी घरांच्या उंबऱ्यापर्यंत आली.

उंबऱ्यापर्यंत म्हणतो ते मुद्दाम. आमच्या घरांत भांगेला कधी देवघराइतका मान नव्हता. 'भंगड' ही शिवीच होती. पण वर्षातून दोन दिवस वाड्याच्या चौकात घोटा होई आणि त्याला नियम असत. पाने रात्री भिजत घालायची, सकाळी पाणी बदलत-बदलत धुवायची, हिरवे पाणी फेकून द्यायचे. मग पाट्यावर लोण्यासारखी वाटायची. बदाम, खसखस, बडीशेप, मिरी, कलिंगडाच्या बियांचा मगज, दूध, साखर घालून वस्त्रगाळ करायची. पहिला प्याला महादेवाला. पोरांना भांगेविना नुसती थंडाई. ज्याला बाहेर जायचे आहे, ज्याला काळजाचा विकार आहे, ज्याच्या घराण्यात कुणाला वेड लागले होते, त्याला नाही. आणि सर्वांत महत्त्वाचा नियम असा की, एक प्याला घेतल्यावर दोन तास दुसरा मागायचा नाही.

हे नियम कुणी पुस्तकात वाचून केलेले नव्हते. पण त्यांत शहाणपण होते. पोटातून घेतलेली भांग अंगी लागायला अर्धा तास ते दोन तास घेते आणि मग सहा-आठ तास उतरत नाही. "काही चढलीच नाही" म्हणून दुसरा प्याला घेणारा दोन्ही प्याल्यांच्या अमलाखाली एकदमच सापडतो. भांगेने ज्यांची फजिती होते त्यांतील बहुतेकांची अशीच होते.

आपल्या वैद्यकानेही ही वनस्पती डोळे मिटून स्वीकारली नाही. अथर्ववेदात 'भंग' हे नाव येते. शार्ङ्गधराने भांगेची गणना अफूबरोबर 'व्यवायी' द्रव्यांत केली, म्हणजे पचण्याच्या आधीच सर्वांगात पसरणारे द्रव्य. भावप्रकाशात तिचे गुण आणि मद दोन्ही सांगितले आहेत. 'विजया' या नावाने ती औषधांत आली, पण शोधन केल्याशिवाय वापरू नये हा दंडक राहिला. आजच्या औषध कायद्यातही आयुर्वेदातील विषारी द्रव्यांच्या यादीत, म्हणजे अनुसूची ई-१ मध्ये, भांगेचे नाव आहे. परंपरेने भांगेला थोडी मोकळीक दिली हे खरे. अभय मात्र दिले नाही.

एकाच झाडाच्या तीन वस्तू होतात, हेही इथे सांगितले पाहिजे. पानांची ती भांग, मादी झाडाच्या फुलोऱ्याचा तो गांजा आणि झाडाचा चीक गोळा करून केलेला तो चरस. जोर चढत्या क्रमाने. हे तीनही शब्द आपल्या भाषांतून इंग्रजी कायद्यात गेले. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने गांजा आणि चरस यांवर कडक बंदी घातली. फुलोऱ्याविना असलेले पान मात्र गांजाच्या व्याख्येबाहेर ठेवले. पानाचा प्रश्न राज्यांकडे राहिला. म्हणून मध्य प्रदेशात भांगेची दुकाने अबकारी परवान्यावर चालत आली आहेत, तर महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याने भांगेवरही निर्बंध आहेत. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये एका जामीन अर्जाचा निकाल देताना भांग ही १९८५ च्या कायद्याच्या व्याख्येत बसत नाही, असे म्हटले. राज्याची सीमा ओलांडली की वस्तू तीच राहते, कायदा बदलतो.

आता इतिहासातील मुख्य प्रकरणाकडे वळतो. गांजा माणसाला वेडा करतो का, हा प्रश्न १८९३ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटात निघाला. हिंदुस्थानातील वेड्यांची इस्पितळे गांजेकसांनी भरली आहेत असा बोभाटा होता. त्यावर हिंदुस्थान सरकारने जुलै १८९३ मध्ये सात जणांची समिती नेमली. डब्ल्यू. मॅकवर्थ यंग हे अध्यक्ष. सभासदांत मुंबई इलाख्यातील ओमनी, मध्य प्रांतातील फ्रेझर आणि कलकत्त्याचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक डॉ. वॉर्डन हे होते. जोडीला ताहिरपूरचे राजा शशीशेखरेश्वर रॉय, कपूरथळा घराण्यातील कुँवर हरनामसिंग आणि मुजफ्फरनगरचे लाला निहालचंद हे तिघे हिंदी सभासद. समितीने मुंबईपासून बंगालपर्यंत आणि पंजाबपासून मद्रासपर्यंत १,१९३ साक्षी नोंदवल्या. मध्य प्रांतात गांजाची लागवड फक्त निमाड जिल्ह्यातील खांडवा भागापुरती ठेवलेली होती. बंगालात ती राजशाहीकडच्या नौगावला एकवटली होती. पिकापासून चिलमीपर्यंत सर्व काही समितीने तपासले. १८९४ मध्ये तिचा अहवाल अनेक खंडांत निघाला. अमली पदार्थांविषयी इतकी कसून चौकशी त्यापूर्वी जगात क्वचितच झाली असेल.

या अहवालातील वेड्यांच्या इस्पितळांचे प्रकरण प्रत्येकाने वाचावे असे आहे. इस्पितळांच्या वह्यांत रोग्याच्या नावापुढे 'कारण' असा एक रकाना असे. तो कसा भरला जाई? रोग्याला आणताना पोलिसांनी वा मॅजिस्ट्रेटच्या कचेरीने जो कागद बरोबर दिलेला असे त्यावरून. रस्त्यावर सापडलेला, नाव-गाव न सांगणारा मनुष्य. त्याच्या वेडाचे कारण शिपायाला कुठून कळणार? पण रकाना रिकामा ठेवणे कारकुनाला आवडत नाही. मग कुणीतरी म्हणे, गांजा ओढत असेल. आणि 'गांजा' लिहिले जाई. वर्षाअखेर या नोंदींची बेरीज होई आणि ती सरकारी आकडेवारी ठरे.

समितीने १८९२ सालातील सर्व नोंदी पुन्हा तपासल्या. त्या वर्षी इस्पितळांत दाखल झालेले रोगी १,३४४. त्यांतील २२२ जणांच्या नावापुढे गांजा-भांग-चरस हे कारण लिहिलेले. गावोगाव चौकशी करून, नातेवाइकांना विचारून समितीने पाहिले तेव्हा या कारणाला खरा आधार असलेले रोगी उरले ९८. आणि त्यांतही निव्वळ या नशेमुळेच वेड लागले असे म्हणता येण्याजोगे ६१. समितीने निष्कर्ष काढला की, माफक सेवनाने सामान्यतः शरीराची, मनाची वा नीतीची मोठी हानी होत नाही. अतिरेकाने मात्र होते आणि ज्याच्या मनात मुळातच वेडाचे बीज आहे त्याला ही नशा अधिक बाधते. सरसकट बंदीऐवजी कर आणि परवाने यांनी आळा घालावा, अशी तिची शिफारस होती. अबकारीच्या उत्पन्नात सरकारचा हितसंबंध होता, हे ध्यानात ठेवूनच हा निष्कर्ष वाचला पाहिजे. तरीही हा शोध प्रामाणिक होता असे माझे मत आहे. वहीत लिहिलेले कारण आणि खरे कारण यांतला फरक समितीने उघड केला, हे तिचे मोठे काम.

आज हा अहवाल जगभर हवाला म्हणून दिला जातो. "शंभर वर्षांपूर्वीच इंग्रजांनी सांगितले, गांजात काही नाही" असे तरुण मुले ऐकवतात. पण समितीने ज्याचा न्याय केला ती वस्तू कोणती होती? शेतात उगवलेले, हातांनी चोळलेले, बाजारात तोललेले, पिढ्यान्‌पिढ्या ओळखीचे झाड. तो निकाल त्या झाडापुरता आहे.

* * *

या झाडात अशी काय चीज आहे, हा प्रश्न रसायनशास्त्रज्ञांना फार छळत होता. कलकत्त्याचे डॉ. विल्यम ब्रुक ओशॉनेसी यांनी १८३९ मध्ये गांजाचे प्रयोग लिहून काढले आणि युरोपच्या औषधशास्त्रात त्याला जागा मिळवून दिली. अफूतून मॉर्फिन निघाले, कोकाच्या पानातून कोकेन निघाले. पण गांजाचा चीक तेलकट, चिकट, हाती न लागणारा. अखेर १९६४ मध्ये इस्रायलमध्ये राफाएल मेशुलाम आणि येहिएल गाओनी यांनी त्यातील मुख्य मादक द्रव्य शुद्ध रूपात वेगळे केले. त्याचे लांबलचक नाव टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल. आपण टीएचसी म्हणू. १९८८ मध्ये अमेरिकेत अ‍ॅलिन हाउलेट आणि विल्यम डिव्हेन यांना आढळले की, या द्रव्याला चिकटून घेणारी जागा मेंदूच्या पेशींवर मुळातच असते. आता निसर्गाने मेंदूत ही जागा ठेवली ती काही गांजेकसांच्या सोयीसाठी नव्हे. शरीर स्वतःच तसे काही द्रव्य बनवत असले पाहिजे. ते १९९२ मध्ये सापडले आणि शोधकांनी त्याला नाव दिले 'आनंदामाइड', संस्कृतातील 'आनंद' या शब्दावरून. भूक, वेदना, स्मृती, झोप, भीती यांचा समतोल राखण्यात या द्रव्याचा हात असतो.

या शोधांतूनच पुढचे प्रकरण उद्भवले. मेंदूतील ही जागा अभ्यासायची तर तिला घट्ट चिकटणारी रसायने हवीत. म्हणून अनेक प्रयोगशाळांत अशी रसायने घडवली गेली. अमेरिकेतील क्लेमसन विद्यापीठात जॉन हफमन यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी अशी शेकडो रसायने केली. त्यांना हफमन यांच्या आद्याक्षरांवरून जेडब्ल्यूएच आणि पुढे एक आकडा अशी नावे मिळाली. हे सर्व उंदरांच्या आणि परीक्षानळ्यांच्या जगासाठी होते. कृती संशोधनपत्रिकांत छापल्या गेल्या, कारण विज्ञानात तशी रीतच आहे.

त्या कृती कुणीतरी दुसऱ्याच हेतूने वाचल्या. २००४ च्या सुमारास युरोपात 'स्पाइस' नावाची चकचकीत पाकिटे विकली जाऊ लागली. आत वाळलेला पाला, वर लिहिलेले, 'सुगंधी वनौषधी, धूप म्हणून जाळावी'. ओढणाऱ्याला गांजासारखी नशा येई, पण तपासणीत गांजा सापडत नसे. डिसेंबर २००८ मध्ये जर्मनीतील शास्त्रज्ञांनी छडा लावला. नशा पाल्यात नव्हतीच. पाल्यावर जेडब्ल्यूएच-०१८ हे रसायन फवारलेले होते. जर्मनीने २००९ च्या जानेवारीत बंदी घातली. लगेच रेणूचा एक कोपरा बदलून नवे रसायन आले. त्यावर बंदी आली, की आणखी नवे. २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मंचावर जेडब्ल्यूएच-०१८ आंतरराष्ट्रीय नियंत्रणाखाली आले, तोवर बाजार कितीतरी पुढे गेला होता. युरोपीय देखरेख केंद्राने २००८ पासून अशी अडीचशेच्या वर रसायने नोंदवली आहेत. यांनाच आज सिंथेटिक कॅनाबिनॉइड म्हणतात आणि बाजारात 'कृत्रिम गांजा' या फसव्या नावाने ओळखतात.

फसव्या का म्हणतो ते सांगतो. टीएचसी मेंदूतील त्या जागेला चिकटते, पण तिला पुरती चेतवत नाही. समजा नळ आहे. टीएचसी तो अर्धाच उघडू शकते, मग कितीही जोर लावा. नवी रसायने तोच नळ पूर्ण उघडतात, आणि तेही अत्यल्प मात्रेत. शिवाय झाडात टीएचसीबरोबर शंभरावर भावंडे असतात. त्यांतील कॅनाबिडिऑलसारखी काही तिच्या अमलाला थोडाफार आवर घालतात असे मानले जाते. फवारलेल्या रसायनाला असे कोणी नाही. त्यात फवारणीची तऱ्हा पाहा. पावडर अ‍ॅसिटोनसारख्या द्रावात विरघळवून पाल्यावर ओतायची आणि वाळवायची. एका चिमटीत काहीच नाही, दुसऱ्या चिमटीत दहा जणांचे विष. आमच्या वाड्यातील वृद्ध भांग हाताने मोजत. इथे मोजणार कोण आणि काय?

परिणाम काय होतात, ते रुग्णालयांनी लिहून ठेवले आहे. गांजाच्या अतिसेवनाने घाबरणे, छाती धडधडणे, उलटी, भ्रम हे होते आणि बहुधा काही तासांत ओसरते. मेंदूच्या ज्या भागातून श्वास चालतो तिथे या जागा फारशा नसतात, म्हणून केवळ गांजाच्या वा भांगेच्या मात्रेने प्रौढ माणसाचा श्वास थांबल्याचे सहसा घडत नाही. कृत्रिम रसायनांनी मात्र झटके येतात, बेशुद्धी येते, हृदयाची लय बिघडते, मूत्रपिंडे निकामी होतात, हिंस्र उन्माद होतो आणि मृत्यूही झाले आहेत. १२ जुलै २०१६ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात एका रस्त्यावर ३३ माणसे एकाच पाकिटाच्या मालाने थिजल्यासारखी, शून्य नजरेने उभी-आडवी सापडली. त्यातील एएमबी-फुबिनाका हे रसायन प्रयोगशाळेतील मोजणीत टीएचसीच्या सुमारे ८५ पट जोरकस होते. २०१८ मध्ये इलिनॉय राज्यात अशाच मालात उंदीर मारण्याचे ब्रोडिफॅकम हे औषध मिसळलेले निघाले. दीडशेहून अधिक लोकांना नाका-तोंडातून, लघवीतून रक्त जाऊ लागले आणि काही दगावले. वनौषधीचे नाव असलेल्या पाकिटात हे होते.

माझ्या मावसभावाचा मुलगा २०१३ मध्ये शिकायला इंग्लंडला होता. तिथे जुन्या रसायनांवर २००९ मध्येच बंदी आली होती, पण बंदीतून निसटलेली नवी पाकिटे २०१६ चा कायदा लागू होईपर्यंत दुकानांत उघड मिळत. एका संध्याकाळी वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात त्याला झटका आला. मित्रांनी रुग्णालयात नेले. लघवीच्या तपासणीत गांजा आढळला नाही, म्हणून डॉक्टर आधी मेंदूज्वराच्या मागे लागले. नेहमीची तपासणी टीएचसीचे अवशेष शोधते, या रसायनांचे नाही. एका मित्राने खिशातले पाकीट काढून दिले तेव्हा खरी दिशा मिळाली. वहिनींचा मला फोन आला तेव्हा त्या रडत होत्या आणि चिडलेल्याही होत्या. "भावजी, तो म्हणतो, आपल्याकडे शिवरात्रीला घेतात तेच हे, पाल्याचंच आहे. तुमच्या खासगी बाजारात एवढी वर्षं घोटा होतोय, कधी कुणाला झटका आला?" मी म्हटले, "वहिनी, नाही आला. पण त्यानं घेतलं ते हे नव्हेच." मुलगा वाचला, नंतर शिक्षणही पुरे केले. पण चार महिने त्याला रात्री एकटे झोपवत नसे, इतकी भीती त्याच्या मनात बसली होती.

वहिनींचे वाक्य मी पुढे पुष्कळ घरांत, निराळ्या शब्दांत ऐकले. पाल्याचे आहे म्हणजे नैसर्गिक. नैसर्गिक म्हणजे आजोबांचे. आजोबांचे म्हणजे निर्धोक. या साखळीतली प्रत्येक कडी कच्ची आहे. पहिली तर सरळ खोटीच आहे, कारण नशा पाल्यात नाही. शेवटचीही खरी नाही. २०१९ मध्ये जाहीर झालेल्या केंद्र सरकारच्या पाहणीनुसार देशात वर्षभरात भांग घेणारे सुमारे २.२ कोटी आणि गांजा-चरस ओढणारे सुमारे १.३ कोटी लोक आहेत. एवढ्या लोकांत हानी होणारे थोडे नाहीत. अमेरिकेतील १९९० च्या दशकातील मोठ्या पाहणीत गांजा कधी तरी ओढणाऱ्यांपैकी सुमारे ९ टक्के लोकांना त्याचे व्यसन जडल्याचे दिसले. कोवळ्या वयात सुरुवात करणाऱ्यांत हा धोका अधिक. २०१९ च्या एका युरोपीय अभ्यासात रोज गांजा ओढणाऱ्यांत मनोविकृतीचे प्रमाण न ओढणाऱ्यांच्या सुमारे तिप्पट आढळले, आणि जोरकस गांजा रोज ओढणाऱ्यांत सुमारे पाचपट. आजचा परदेशी गांजा निवड करून-करून वाढवलेला, टीएचसीने भरलेला असतो. १८९३ च्या समितीने तो पाहिला नव्हता. आणि जुन्या भांगेतही कधी धोत्रा मिसळला जाई, तेव्हा ती जीवघेणी ठरे. समितीपुढेही या भेसळीची गोष्ट आलीच होती. प्याल्यात काय आहे हे ठाऊक नसणे, हा धोका जुनाच आहे. कृत्रिम मालात तो अपवाद न राहता नियम झाला आहे.

म्हणून घरातल्या मोठ्यांनी दोन गोष्टी कराव्यात असे वाटते. मुलांशी बोलताना "गांजा म्हणजे मरण" असे सांगू नये. ते खरे नाही, हे त्यांना मित्रांकडून कळते आणि मग आपले उरलेले खरे बोलणेही वाया जाते. झाडाचे धोके झाडाचे म्हणून सांगावेत आणि पाकिटातील, वेपच्या द्रवातील रसायनांचे धोके त्यांचे म्हणून. दुसरे असे की, कुणाला झटका आला, शुद्ध हरपली, छातीत दुखू लागले, तर लाजेखातर घरी झोपवून ठेवू नये. ताबडतोब रुग्णालयात न्यावे, उरलेला माल वा पाकीट बरोबर न्यावे आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. तपासणी नकारार्थी आली म्हणजे काही घेतले नव्हते, असे समजू नये.

१८९२ च्या वह्यांत कारकुनाने न जाणता 'गांजा' लिहिले आणि शंभरावर माणसांच्या वेडाचा ठपका एका झाडावर आला. आज नेमके उलटे होत आहे. प्रयोगशाळेतील विषाने माणूस पडतो आणि घरचे लोक कारणाच्या रकान्यात समाधानाने 'भांगच ती' असे लिहून मोकळे होतात. पहिली चूक दुरुस्त करायला सात माणसांना १,१९३ साक्षी घ्याव्या लागल्या. दुसरी दुरुस्त करायला समिती नेमावी लागणार नाही. 'शिक्षा' आणि 'राजीनामा' यांचे दोन अर्थ जन्मापासून सांभाळणाऱ्या आपल्यासारख्या घरांना तर ती मुळीच कठीण वाटू नये.